पॅटर्न आपला, भट्टी दुसऱ्याची : स्वतःची वेबसाइट वर्षानुवर्षं चालवताना आणि हलवताना

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं पॅटर्नचं दुकान आहे. लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा पॅटर्न, म्हणजे वस्तूचा नमुना, आम्ही करून देतो, गिऱ्हाईक तो फौंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) नेतं, तिथं त्यावरून वाळूत मोल्ड काढतात आणि ओतीव माल, म्हणजे कास्टिंग, निघतं. पॅटर्न पडून असतो फौंड्रीच्या आवारात, पण मालकी गिऱ्हाइकाची. फौंड्रीशी बिनसलं किंवा दर परवडेना झाला, की गिऱ्हाईक टेम्पो लावतं, पॅटर्न उचलतं आणि शिरोलीच्या दुसऱ्या फौंड्रीत नेऊन टाकतं. आठवड्यात माल पुन्हा सुरू. पॅटर्नच हरवला, तर मात्र एखादं जुनं कास्टिंग शोधून, त्याची मापं घेऊन सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

रोज हा धंदा करूनही माझ्या स्वतःच्या वेबसाइटला हेच लागू आहे, हे कळायला मला दहा वर्षं लागली.

२००३ साली राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत बसून मी पहिलं पान चढवलं. पन्हाळा, मसाई पठार, विशाळगड, खिद्रापूर अशा सुट्टीच्या भटकंतीच्या नोंदी. तेव्हापासून साइटनं चार बिऱ्हाडं केली : फुकटची जागा, मग स्वतःचा पत्ता आणि वर्डप्रेस (साइट चालवायचं तयार सॉफ्टवेअर), मग दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर (साइट ठेवायचा संगणक), आणि आता साध्या फाइलींची साइट. दर वेळी काहीतरी सांडलं. आता भाच्याला स्वतःची साइट काढायची आहे आणि रोज रात्री जेवण झालं की फोन, "मामा, हे काय असतंय?" त्याला तोंडी सांगून दमलो, म्हणून एकदाच लिहून काढतोय. तुम्हीही याच वाटेवर असाल तर पुढचं वाचा.

आधी हाताशी काय हवं

- एक जाड वही. खरीखुरी, कागदाची. का ते शेवटी सांगतो.
- ज्या ईमेलवर डोमेनचे (म्हणजे साइटच्या स्वतःच्या पत्त्याचे) निरोप येतात तो ईमेल. हा त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं की पत्रही बंद, आणि "पासवर्ड विसरलो" म्हणायलाही जागा उरत नाही.
- ओळखपत्र. काही रजिस्ट्रार (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपन्या) मागतात, तेव्हा नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रातलं नाव जुळलं पाहिजे.
- भरलेल्या पैशांच्या पावत्या, निदान शेवटच्या तीन वर्षांच्या. मालकीचा वाद निघाला तर त्याच कामी येतात.
- फाइली ने-आण करायला फाइलझिलासारखं साधन, मजकूर तपासायला नोटपॅड प्लस प्लससारखा एडिटर, आणि एक्सेल किंवा तसलं काहीतरी.
- दोन पोर्टेबल हार्ड डिस्क. त्या एका कपाटात ठेवायच्या नाहीत. त्याचीही गोष्ट आहे.

१. पत्ता स्वतःच्या नावावर घ्या

फुकटच्या जागेवर साइट काढली की पत्त्यात मालकाचं नाव असतं आणि त्याच्यामागे कुठंतरी तुमचं. मालकानं दुकान बंद केलं की पत्ता गेला. अशी फुकट जागा देणारी जिओसिटीज १९९४ साली सुरू झाली, १९९९ मध्ये याहूनं विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ ला बंद झाली. लाखो लोकांची घरगुती पानं एका दिवसात पुसली गेली. माझी फुकटची जागा दुसरीच होती, पण वळण तेच. बंद होण्याआधी निरोप आला असणार, पण तो मी केव्हाच वापरणं सोडलेल्या ईमेलवर.

म्हणून पहिलं काम डोमेन. डॉट इन सर्वसामान्यांसाठी २००५ च्या फेब्रुवारीपासून खुलं आहे, डॉट कॉम कुणालाही मिळतं. देवनागरीतला डॉट भारत २०१४ पासून मिळतो. दिसायला तो झकास दिसतो, मीही घेतलाय, पण मुख्य पत्ता म्हणून वापरत नाही. आतून तो रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात जातो आणि कितीतरी ठिकाणी तेच विचित्र रूप डोकं वर काढतं.

इथं तीन सापळे आहेत.

पहिला : साइट करून देणारा माणूस डोमेन स्वतःच्या नावावर घेतो. वाईट हेतूनं घेतो असं नाही, त्याला ते सोयीचं पडतं. पाच वर्षांनी त्याचा नंबर बंद लागतो. घेतानाच विचारा, "मालक म्हणून नाव कुणाचं लावलंय?" आणि लॉगिन आपल्या हातात घ्या.

दुसरा : पहिल्या वर्षाचा दर. जाहिरातीत पहिलं वर्ष भाजीच्या भावात असतं. बघायचा तो नूतनीकरणाचा दर.

तिसरा : आपोआप नूतनीकरण. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून दर वर्षी आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले. त्यानंतर बाहेरच्या कंपन्यांचे असे कितीतरी व्यवहार गुपचूप फसायला लागले. "ऑटो-रिन्यू चालू आहे" एवढ्यावर विसंबू नका. डोमेन एकदम दहा वर्षांपर्यंत भरता येतं. मी पाच वर्षांचं भरतो आणि तारीख वहीत लिहितो.

मुदत टळलीच, तर डॉट कॉमच्या बाबतीत साधारण असं होतं : रजिस्ट्रार देईल तेवढी सवलत, जास्तीत जास्त ४५ दिवस. मग ३० दिवस दंड भरून सोडवून घेण्याची मुभा, आणि हा दंड चांगलाच झोंबतो. मग शेवटचे ५ दिवस, ज्यात कुणालाच काही करता येत नाही. त्यानंतर ते नाव बाजारात. जुन्या, बऱ्यापैकी चालणाऱ्या नावांवर लोक टपूनच बसलेले असतात.

२. पॅटर्न वेगळा ठेवा

साइटवर दिसतं ते कास्टिंग. तुमचा मजकूर आणि मूळ फोटो हा पॅटर्न. तो साइटच्या बाहेर, तुमच्या संगणकावर, साध्या मजकुराच्या फाइलीत असला पाहिजे.

नव्या माणसाची सवय अशी की लॉगिन करायचं, तिथल्याच चौकटीत टाइप करायचं आणि बटण दाबायचं. मीही २००७ ते २०१३ तेच केलं. सहा वर्षांचं लिखाण दुसऱ्याच्या सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये, आणि घरात एक ओळ नाही. आता प्रत्येक नोंदीची एक फाइल, वर्षाच्या फोल्डरमध्ये. फाइलीचं नाव तारखेनं सुरू होतं, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे आपोआप क्रम लागतो. आतला मजकूर मार्कडाउनमध्ये. मार्कडाउन २००४ पासून आहे. ठळक करायला दोन फुल्या, मथळ्याला एक चौकट-चिन्ह, एवढंच. तो वाचणारं साधन उद्या जगात उरलं नाही, तरी फाइल नोटपॅडमध्ये उघडून माणसाला वाचता येते.

फोटोंची मूळ फाइल तशीच ठेवा, साइटवर चढवायची छोटी प्रत वेगळी करा. आणि फोटो दुसऱ्याच्या फुकट अल्बममध्ये ठेवून तिथून आपल्या पानावर ओढून आणू नका. गूगलचं पिकासा २०१६ मध्ये आवरलं गेलं. फ्लिकरनं २०१८ मध्ये फुकट खात्यावर १००० फोटोंची मर्यादा जाहीर केली. ज्यांची पानं अशा अल्बमच्या भरवशावर उभी होती, त्यांना धावपळ करावी लागली.

३. जुनं मराठी असेल तर आधी युनिकोड

तुमचं सगळं लिखाण अलीकडचं असेल तर हा भाग सोडून पुढं जा. पण घरात डीटीपीच्या फॉन्टमधल्या जुन्या फाइली असतील, तर इथं घाई करू नका. माझे सगळ्यात जास्त दिवस इथंच गेले.

जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मराठी नव्हतंच. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असायची, फॉन्ट त्यांना देवनागरीचा पोशाख चढवायचा. वाचणाऱ्याकडं तो फॉन्ट नसला की पानभर कचरा. २००३ मध्ये माझ्या पहिल्या पानावर पहिलीच ओळ होती, "हा फॉन्ट उतरवून घ्या". किती जणांनी घेतला असेल देव जाणे.

असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला आकडा असलेल्या पद्धतीत, आणणारी साधनं फुकट मिळतात. एखादी फाइल टाकली की मराठी बाहेर येतं आणि आपण खूश होतो. खूश होऊ नका, वाचा. जुन्या फॉन्टमध्ये चिन्हं दिसतात त्या क्रमानं टाइप केलेली असत, युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमानं साठवतात. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, साठवायची नंतर. "किल्ला"मध्ये साधन ती क च्या पलीकडं ढकलतं आणि सुटतं. पण "स्थिती"मध्ये वेलांटी अर्ध्या स च्या आधी असते आणि न्यायची असते थ च्याही पलीकडं. हलकं साधन ती स ला चिकटवून मोकळं होतं. रफाराचं नेमकं उलट : दिसतो शेवटी, साठवायचा आधी. "वर्ष" आणि "मार्ग" हे दोन शब्द शोधून बघा, साधनाची लायकी कळते.

पण मला खरा चकवा दिला तो अर्ध्या र नं. माझी साइट डोंगरांची, त्यामुळं पानोपानी "सह्याद्रीच्या दऱ्या". रूपांतरानंतर बहुतेक ठिकाणी झालं "सह्याद्रीच्या दर्या". डोंगरातून थेट समुद्रात. शुद्धलेखन तपासणारं साधन याला हात लावत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. "आचाऱ्यांना"चं "आचार्यांना" होतं तेही इथलंच. हे डोळ्यांनीच पकडावं लागतं. "ऱ्या" आणि "ऱ्हा" येणारे नेहमीचे शब्द आधी कागदावर लिहा (दुसऱ्या, पायऱ्या, बऱ्याच, वाऱ्यावर, सातारा-कोल्हापूरकडचं "कऱ्हाड") आणि एकेक शोधत जा.

त्यातही आणखी एक गोम. "दऱ्या" दोन तऱ्हांनी साठवता येतं : खाली नुक्ता (टिंब) असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साधा र घेऊन, पाय मोडून, मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालायचं. पडद्यावर दोन्ही सारखेच. शोध घेताना मात्र एक सापडतो आणि दुसरा नाही. "ॲ"चंही तसंच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीचं लिखाण अ वर चंद्र ठेवून केलेलं. आणि "स्वतः"मधल्या विसर्गाच्या जागी सर्रास इंग्रजी कोलन टाइप केलेला असतो. कोणतं रूप ठेवायचं ते एकदा ठरवा आणि सगळीकडं बदलून टाका. हे काम हलवण्याच्या आधी करायचं, नंतर नाही. नव्या पॅटर्नला धातू थंड होताना आकसण्याची सूट आधी धरतात, माल ओतून झाल्यावर नव्हे.

४. पत्त्यांची यादी करा

एक्सेल उघडा. पहिल्या रकान्यात साइटवरच्या प्रत्येक पानाचा आजचा पत्ता. दुसरा रकाना रिकामा, तिथं नवा पत्ता येणार. पानंच नाही, फोटो आणि पीडीएफसुद्धा. कंटाळवाणं काम आहे, माझ्या चारशे पानांना तीन सोमवार लागले. पण बाहेर कुणीतरी तुमच्या एखाद्या पानाचा दुवा जपून ठेवलेला असतो. आमच्याकडं एका शाळेच्या वार्षिक अंकात खिद्रापूरच्या पानाचा पत्ता छापलेला मला दिसला होता. कागदावर छापलेला पत्ता नंतर दुरुस्त करता येत नाही.

नवे पत्ते ठरवताना एक सल्ला : पत्ता रोमन आणि आखूड ठेवा. मराठी माणूस असून असं सांगतोय, पण कारण ऐका. देवनागरीतलं एक चिन्ह पत्त्यात जाताना नऊ रोमन चिन्हांचं होतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडणं ही सगळी वेगळी चिन्हं. वर्डप्रेसमध्ये पत्त्यातल्या शीर्षकाच्या भागाला जागा आहे २०० चिन्हांची. म्हणजे जेमतेम बावीस. "मसाई पठारावरची पावसाळी रानफुलं" हे शीर्षक दिलं, तर पत्ता होतो "मसाई-पठारावरची-पावसाळी-र". आणि तो व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्केवारीच्या चिन्हांची चार ओळींची माळ. समोरच्याला वाटतं व्हायरस पाठवलाय.

पत्त्यात विभागाचं नावही घालू नका. आज "भटकंती"त असलेलं पान उद्या "मंदिरं"मध्ये जातं आणि पत्ता मोडतो. वर्ष आणि छोटं नाव, बस्स.

५. माल बाहेर काढा आणि उघडून वाचा

बहुतेक सेवांत "एक्स्पोर्ट" नावाचं बटण असतं. ते दाबून एक फाइल उतरते आणि लोकांना वाटतं झालं काम. वर्डप्रेसच्या त्या फाइलीत मजकूर असतो, फोटो नसतात, फोटोंचे पत्ते तेवढे असतात. जुनी जागा बंद केली की त्या पत्त्यांवर काही उरत नाही. म्हणून तीन गोष्टी वेगवेगळ्या उतरवा : एक्स्पोर्टची फाइल, अपलोड्सचं (चढवलेल्या फोटोंचं) अख्खं फोल्डर आणि डेटाबेसची पूर्ण प्रत.

डेटाबेसची प्रत एडिटरमध्ये उघडा आणि मधलंच एखादं पान शोधून वाचा. मराठी दिसलं तर पुढं चला. डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं आणि मधूनमधून जपानी येनचं चिन्ह असं काही दिसलं, तर थांबा. फाइल सेव्ह करू नका. त्याहून महत्त्वाचं, जुनी जागा सोडू नका.

२०१३ मध्ये माझं नेमकं हे झालं. जुन्या सर्व्हरवर साइट छान मराठीत दिसत होती, नव्यावर सगळी बाराखडी फुटली. कारण असं : मायएसक्यूएल या डेटाबेसचा मूळ अक्षरसंच बरीच वर्षं लॅटिन-१ (पश्चिम युरोपच्या भाषांचा) होता, आणि अक्षरांचा क्रम स्वीडिश पद्धतीचा, कारण बनवणारी कंपनी स्वीडनची. २०१८ च्या ८.० आवृत्तीत ते बदललं. साइट मराठी अक्षरांचे बाइट (संगणकाचे साठवणीचे आकडे) आत टाकत होती, डेटाबेस त्यांना लॅटिन समजून जपत होता, आणि काढताना तसेच परत देत होता. दोघांचा गैरसमज सारखा, म्हणून काम चाललं. हलवताना नव्या सर्व्हरनं शहाणपणा करून त्या "लॅटिन"चं युनिकोड केलं आणि सगळं दुहेरी शिजलं.

उपाय अवघड नाही, माहीत असला म्हणजे. प्रत काढतानाच सांगायचं की लॅटिन-१ म्हणून काढ, काही रूपांतर करू नकोस. मग उतरलेल्या फाइलीत जिथं जिथं लॅटिन-१ अशी नोंद आहे तिथं यूटीएफ-८-एमबी-४ (utf8mb4, म्हणजे पूर्ण युनिकोड) लिहायचं आणि नव्या ठिकाणी भरायचं. आधी एका पानावर करून बघा. शेवटचं ते "एमबी-४" विसरू नका. नुसत्या यूटीएफ-८ नावाच्या जुन्या संचात एका अक्षराला तीनच बाइट मिळतात. मराठीला ते पुरतात, पण इमोजीला चार लागतात, आणि मजकूर इमोजीपाशीच तुटून पुढचा सगळा गायब होऊ शकतो.

६. नवी भट्टी कोणती

यावर लोक तासन्‌तास भांडतात, मी थोडक्यात उरकतो. तयार सेवा (त्यांचाच सर्व्हर, त्यांचीच सजावट) सोपी असते, पण बाहेर पडायचा रस्ता घेण्याआधी तपासा. पाच पानं टाका, एक्स्पोर्ट करा, काय हातात येतं ते बघा. आलं नाही तर तिथं राहू नका.

स्वतःच्या होस्टिंगवर (भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर) वर्डप्रेस २००३ पासून चालत आलंय, शिकवणारे गल्लोगल्ली मिळतात. पण ते पाळीव जनावर आहे, रोज वैरण घालावी लागते. प्लगिन (जोड-सुविधा) अद्ययावत करा, पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) बदला. २०१५ च्या डिसेंबरात पीएचपी ७ आलं तेव्हा डेटाबेसशी बोलायची जुनी पद्धत त्यातून काढूनच टाकली, आणि ज्यांनी हौसेनं स्वतः कोड लिहिला होता त्यांची पानं पांढरीफटक झाली. आमचाही त्यात नंबर.

मी आता ह्यूगो नावाचा प्रोग्राम वापरतो. मजकुराच्या फाइली दिल्या की तो साधी पानं तयार करतो, ती सर्व्हरवर ठेवायची. डेटाबेस नाही, तोडायला दार नाही. सुरुवातीला काळ्या खिडकीत आज्ञा टाइप कराव्या लागतात, त्याचा धसका घेऊ नका. ह्यूगोची एकच विशिष्ट आवृत्ती ठेवा आणि ती फाइलही जपून ठेवा, म्हणजे नव्या आवृत्तीत काही बदललं तरी तुमची साइट जुन्या हत्यारानं पुन्हा उभी राहते.

७. हलवायचा दिवस

माझी सुट्टी सोमवारी, म्हणून मी सोमवारी सकाळी करतो. शनिवारी रात्री, जेवून, झोप डोळ्यांवर असताना करू नका.

दोन दिवस आधी डीएनएसमधली (डोमेन कोणत्या सर्व्हरकडं जातं त्याच्या नोंदवहीतली) टीटीएल नावाची वेळ, म्हणजे जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची ती, कमी करा, पाच-दहा मिनिटांवर आणा. ती एक दिवस ठेवलेली असेल, तर बदलानंतर निम्म्या लोकांना उद्यापर्यंत जुनीच साइट दिसणार आणि तुम्हाला वाटणार काहीतरी बिघडलं.

नवी साइट जगाला दाखवण्याआधी स्वतः बघून घ्या. संगणकात होस्ट्स नावाची एक फाइल असते, तिच्यात तुमच्या डोमेनसमोर नव्या सर्व्हरचा आकडा लिहिला की फक्त तुमच्या संगणकाला नवं घर दिसतं. काम झालं की ती ओळ काढा. मी एकदा विसरलो आणि आठवडाभर खुशीत होतो की सगळं चालू आहे.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलले की त्यातल्या सगळ्याच नोंदी बदलतात, ईमेलच्यासुद्धा. साइट नव्या घरी नीट उघडते आणि पत्र यायची थांबतात. पत्र आलं नाही हे कळणार कसं? माझ्या दुकानाचा ईमेल त्याच डोमेनवर होता. तीन दिवस एकही चौकशी नाही, मी म्हटलं बाजार थंड आहे. मग इचलकरंजीच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "अहो, ड्रॉइंग पाठवून परवाचा दिवस झाला, काय झोपलाय काय?" म्हणून नेमसर्व्हर बदलण्याआधी जुन्या सगळ्या नोंदींचा फोटो काढून ठेवा, आणि जमलं तर नेमसर्व्हर तेच ठेवून फक्त साइटची नोंद बदला.

कुलुपाचं (एचटीटीपीएसचं, म्हणजे साइट आणि वाचणारा यांच्यातली ने-आण गुप्त ठेवण्याचं) प्रमाणपत्र नव्या जागेवर नव्यानं घ्यावं लागतं. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट मिळतं, नव्वद दिवसांचं, आणि ते आपोआप नवं होतंय ना हे एकदा नव्वद दिवसांनी बघाच. २०१८ च्या जुलैपासून क्रोम कुलूप नसलेल्या साइटवर "सुरक्षित नाही" असा शिक्का मारतो.

डोमेनही दुसऱ्या रजिस्ट्रारकडं न्यायचं असेल तर ते त्याच दिवशी करू नका. त्याला जुन्या रजिस्ट्रारकडून मिळणारा हस्तांतराचा संकेतांक लागतो, आणि डॉट कॉमसारख्या नावांना नोंदणीनंतर ६० दिवस हलवता येत नाही.

जुनी जागा महिनाभर तशीच चालू ठेवा. भाडं जाईल, जाऊ द्या.

८. जुन्या दारावर पाटी

यादीतले दोन्ही रकाने आता भरलेले आहेत. प्रत्येक जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्यावर पाठवायचं, त्याला ३०१ रिडायरेक्ट म्हणतात, म्हणजे "कायमचं हललं". पान पानाकडं पाठवा. आळस करून सगळे जुने पत्ते पहिल्या पानावर वळवणारे खूप भेटतात. खिद्रापूरचा खांब बघायला आलेल्या माणसाला बिंदू चौकात आणून सोडल्यासारखं होतं ते.

दुसऱ्यांदा हललात तर पहिल्या पाट्याही दुरुस्त करा. जुना पत्ता मधल्याकडं, मधला नव्याकडं, अशी साखळी लांबली की कधीतरी मधलं कडं निखळतं.

आणि एक क्षुल्लक दिसणारं : तुमची जुनी साइट विंडोजच्या सर्व्हरवर असेल आणि नवी लिनक्सवर, तर फाइलीच्या नावातली मोठी आणि लहान रोमन अक्षरं आता वेगळी धरली जातात. कॅमेरा फोटोला मोठ्या अक्षरांत नाव देतो, आपण पानात लहान लिहितो. विंडोज ते खपवून घेतं, लिनक्स घेत नाही. फोटो जागेवर असतो आणि दिसत नाही. सगळी नावं एकदाच लहान अक्षरांत करून टाका.

९. बॅकअप, आणि पंचगंगा

माझ्याकडं बॅकअप होता. दोन डिस्कवर होता. दोन्ही डिस्क तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात, कारण तो खण मजबूत.

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, ४३ ची धोक्याची ओलांडली आणि चढतच राहिली. म्हातारी माणसं, कागदपत्रं, सिलिंडर आम्ही वरच्या मजल्यावर नेले. डिस्क कुणाच्या ध्यानात? पाणी उतरल्यावर कपाटाचं दार पहारीनं उघडलं, तर आत गाळ बसलेला. डिस्कची पाकिटं हलवली की खुळखुळ पाणी वाजायचं. साइट सर्व्हरवर शाबूत होती, पण २००४ ते २००९ चे मूळ मोठे फोटो गेले ते गेलेच. साइटवरच्या पाचशे पिक्सेलच्या प्रती तेवढ्या राहिल्या. कास्टिंग मापून पॅटर्न करणं म्हणतात ते हेच, आणि फोटोच्या बाबतीत तेही जमत नाही.

आता एक प्रत घरी वरच्या मजल्यावर, एक पुण्यात बहिणीकडं (दिवाळीत ती येताना जुनी आणते, जाताना नवी नेते), एक इंटरनेटवर. शिवाय महत्त्वाची पानं इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनला स्वतः नेऊन देतो, तिथं पत्ता टाकून "जतन करा" म्हणायची सोय आहे. २००३ ची माझी तीन पानं मला तिथंच परत मिळाली, फॉन्टच्या कचऱ्यासकट.

बॅकअप घेतलेला पुरत नाही, उघडून बघावा लागतो. खंडेनवमीला दुकानात रंधा, पटाशा, लेथ सगळं पुसून हळदीकुंकू लावतो. त्याच दुपारी मी एका रिकाम्या फोल्डरमध्ये बॅकअपवरून अख्खी साइट उभी करून बघतो. गेल्या खेपेला एका वर्षाचे फोटो आलेच नाहीत, फोल्डरच्या नावात मराठी अक्षर होतं आणि कॉपी करणाऱ्या साधनाला ते पचलं नव्हतं. त्या दिवशी कळलं म्हणून बरं.

१०. वही

वहीत हे लिहा : डोमेन कुठं घेतलंय, कोणत्या ईमेलवर, मुदत कधी संपते. सर्व्हर कुणाचा, वर्षाचं भाडं किती. पासवर्ड कुठं ठेवलेत. डिस्क कुणाकडं आहेत. साइट पुन्हा कशी बांधायची त्याच्या सात-आठ ओळी, भाच्याला कळतील अशा. मोबाइल नंबर बदलला तर कुठंकुठं बदलायचा त्याची यादी, कारण ओटीपी जुन्या नंबरवर जात राहतो आणि ते खातं उघडायला महिना जातो.

मग ती वही घरातल्या कुणाला तरी दाखवा. मी बायकोला दाखवली. तिनं चाळली, मधल्या पाट्याबिट्या सगळ्या सोडून दिल्या आणि विचारलं, "हे पैसे भरायची तारीख कुठली?" ती तारीख आता वहीच्या पुठ्ठ्यावर लाल पेनानं लिहिली आहे, आणि वही लाइटबिलाच्या फाइलीबरोबर, वरच्या मजल्यावर.